अक्काचं कपाळ

अक्काच्या कानांचं ऑपरेशन झालं आणि पट्टी तिच्या कपाळावर होती.

मी पळसदेवला पोचलो तेव्हा ती पडवीत खाटेवर बसली होती. कानांच्या पाळ्यांवर बारीक चिकटपट्ट्या होत्या. त्या असायच्याच होत्या. पण कपाळाच्या मधोमध कापसाची जाड घडी चिकटवलेली होती आणि हनुवटीवर आणखी एक लहान. मला वाटलं, भुलीतून उठताना तोल जाऊन पडली असणार. तसं विचारलं तर तिनं पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला. माझ्या बहिणीनं माझ्यापुढं कधी पदर ओढल्याचं मला आठवत नाही.

चहा घेऊन आलेली तिची सून, स्वरूपा, जाता जाता सांगून गेली की पडल्याबिडल्या नाहीत, गोंदण काढून टाकलं. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं म्हणावं, तसं म्हणाली.

मी चहा प्यालो. मला राग फार उशिरा कळतो. आधी मी चहा पितो, पाण्यापावसाचं विचारतो, आणि घरी जाऊन पलंगावर बसल्यावर तो चढतो. आयुष्यभर इंदापूरच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. तिथं मोठ्यानं बोलायची सोयच नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ती नोकरी त्यासाठीच आवडली होती. पण त्या दिवशी राग तिथंच चढला आणि कप आदळून ठेवताना उरलेला चहा बशीत सांडला.

अक्काचे कान फाटले होते हे खरं. आमचं गाव डाळज, तिचं सासर पळसदेव. लग्नात सासूनं घातलेल्या जड कुड्या तिनं वर्षानुवर्षं उतरवल्या नाहीत. त्यांच्या वजनानं पाळ्यांची भोकं लांबत गेली आणि शेवटी खालून तुटली. कुड्या ट्रंकेत गेल्या. नातवाचं, ऋषिराजचं, लग्न माळेगावच्या मुलीशी ठरलं तेव्हा तिनं स्वतः मुलाला सांगितलं की माझे कान शिवून आण, मला लग्नात कुड्या घालायच्यात. तिनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी घाबरलो. तिला मधुमेह आहे. भूल, जखम, साखर अशा माझ्या शंका सुरू झाल्या. ती हसली.

"गेणू, तू पुस्तकं वाचून वाचून भेकड झालास. कान माझे हायेत. मला ठरवू दे."

तेव्हा तिनं कान ठरवले होते, आणि तेवढेच.

तिच्या कपाळावर काय होतं ते सांगायला हवं. भुवयांच्या मध्ये एक चंद्रकोर, तिच्याखाली एक ठिपका, आणि हनुवटीवर तीन ठिपके. आमच्या आईच्या चेहऱ्यावर हेच होतं. गोंदणारी बाई दारावर आली तेव्हा आईनं अक्काला गुडघ्यांत धरलं होतं, आणि टोचताना अक्का रडू नये म्हणून आईच मोठ्यानं ओव्या म्हणत होती, असं अक्का सांगते. मी तेव्हा पाळण्यात होतो. आई गेली तेव्हाही मी लहानच होतो, आणि तिचा फोटो कुणी काढलेला नव्हता. आईचा चेहरा मला आठवतो असं मी कधी कधी म्हणतो, पण तो अक्काच्या चेहऱ्यावरून लावलेला आहे, हे मला माहीत आहे.

आणखी एक. दाजी वारले, त्यांच्या दहाव्याला भावकीतल्या बायकांनी अक्काच्या बांगड्या फोडल्या, गळ्यातलं काढलं. साखरबाई नावाच्या तिच्या चुलत नणंदेनं ओल्या हातानं कुंकू पुसलं. पुसूनही कपाळावर काहीतरी हिरवं राहिलं म्हणून तिनं पुन्हा अंगठा घासला. मी दारात उभा होतो. तेव्हा अक्का म्हणाली, "ते न्हाय जायचं, वन्सं. ते माझं हाय." साखरबाईनं हात मागं घेतला.

विजयसिंह संध्याकाळच्या आत शेतावरून आला. हा अक्काचा मुलगा, माझा भाचा. माणूस वाईट नाही, हे लिहिताना मला कष्ट पडतात. आईच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवतो, तिला गाडीत पुढं बसवतो. धरणाच्या पाण्यावर ऊस आहे, केळी आहे, घर भरलेलं आहे. आणि त्या घरात सही म्हणजे विजयसिंहची सही. अक्काच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे, सोसायटीत खातं आहे, जमिनीचा एक तुकडा आहे. सगळ्या कागदांवर 'ठमाबाई' असं तोच लिहितो, तेही वळणदार. अक्काला स्वतःची सही येते. पण आमच्या भागात यात कुणाला वावगं वाटत नाही. कारखान्याच्या सभेत वरून विषय वाचायचा आणि मांडवातून 'मंजूर, मंजूर' असा आवाज उठायचा. घरातला एक माणूस मांडवात असला की सगळं घर हजर. बारामतीच्या ज्या दवाखान्यात अक्काचे कान शिवले, तिथंही तो असाच हजर होता.

त्यानं मला सगळं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. अक्काला आत नेल्यावर दवाखान्यातली एक मुलगी बाहेर आली. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे डाग एकाच भुलीत निघतील, आजी लग्नाच्या फोटोत छान दिसतील, वेगळं यावं लागणार नाही, असं तिनं सुचवलं. डाग, असा शब्द तिनं वापरला. कागद इंग्रजीत होता. तिनं जिथं जिथं बोट दाखवलं तिथं तिथं यानं सही केली.

बहिणीच्या घरी भावानं लुगडं द्यावं, जेवावं आणि उठावं, आवाज चढवू नये, असं आमच्याकडं धरतात. मी आवाज चढवला नाही. आईला विचारलं होतंस का, एवढंच विचारलं.

"आई टेबलावर होती, मामा. अन् वाईट काय केलंय? लोकं मुद्दाम जाऊन काढून घेत्यात, आपलं त्याच भुलीत झालं. माळेगावची माणसं शिकलेली हायेत, फोटो निघणार, व्हिडिओ निघणार." मग तो हसून म्हणाला, "तुमी पुस्तकातली माणसं. तुमाला जुनं दिसलं की सोनंच वाटतं."

"ते तिचं होतं," मी म्हणालो.

"आँ?"

आवाज फार बारीक निघाला होता. मी पुन्हा म्हणालो नाही.

तो हातपाय धुवायला गेल्यावर अक्का हळूहळू बोलली. डोळ्यांवर हिरवं कापड टाकलं होतं. दंडात सुई दिली, मग सगळं लांबून लांबून ऐकू यायला लागलं. केस जळाल्यासारखा वास आला. कानांचंच चाललं असेल असं तिला वाटलं, आणि आपल्या कानाला इतकं जाळावं का लागतंय, असंही वाटलं. विचारायला तोंड उघडलं तर जीभ हलेना. घरी आल्यावर तिनं आरसा मागितला. स्वरूपानं तो लगेच दिला नाही.

"जाळलं रं," ती म्हणाली.

जखम भरली नाही. कानांची भरली, तिथं टाके बरे घातले होते. कपाळाची मात्र चिघळली, पट्टी पिवळी व्हायला लागली, आणि हनुवटीवर तीन ठिपक्यांच्या जागी एक काळपट गाठ उठली. लग्न जवळ येत होतं. मी इंदापुरात बसून वाचत होतो. वाचण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही, जिवावर बेतलं असेल तरच डॉक्टरानं पुढं जावं, बाकी वेळी रोगी शुद्धीवर येईपर्यंत थांबावं, असं कोर्टानंच कधी म्हटलेलं सापडलं. रोगी सज्ञान आणि शहाणा असताना नातेवाइकाची सही त्याच्या सहीच्या जागी चालत नाही, हेही सापडलं. मी ही वाक्यं पाठ केली. शाळेतल्या मुलासारखी, फिरत फिरत पाठ केली.

विजयसिंह आम्हा दोघांना गाडीतून बारामतीला घेऊन गेला. दवाखान्याच्या काचेवर एका गोऱ्या बाईचा भलामोठा चेहरा होता, त्यावर एकही खूण नव्हती, साधा तीळसुद्धा. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. मला काका म्हणाले, अक्काला आजी म्हणाले आणि बोलले मात्र सगळा वेळ विजयसिंहशी. पट्टी काढून त्यांनी जखम बघितली. मीही तेव्हा पहिल्यांदा बघितली. रुपयाएवढा लाल खड्डा होता. त्यात कुठं एका कडेला चंद्रकोरीचं हिरवं टोक शिल्लक राहिलं होतं, खोडरबरानं अर्धवट पुसल्यासारखं.

शुगरमुळे भरायला वेळ लागतो आहे, डॉक्टरांनी विजयसिंहला सांगितलं. आधी साखर तपासली होती का, असं मी विचारलं. पाठ केलेल्या वाक्यांतलं हे नव्हतंच, पण एवढंच बाहेर पडलं. पेशंटनं आपली हिस्टरी सांगायला हवी, असं उत्तर आलं.

"मी सांगितलं व्हतं," अक्का म्हणाली. "त्या पोरीला सांगितलं, गोळ्या दावल्या."

डॉक्टर विजयसिंहकडे बघून समजूतदार हसले. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, असं त्या हसण्यात होतं, आणि विजयसिंहही थोडा हसला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो.

अक्का म्हणाली, "माझ्या कपाळाला हात लावायच्या आधी मला का इचारलं न्हाय?"

"आजी, तुम्ही भुलीत होता."

"मग मी उठूस्तवर थांबायचं. मी काय पळून चालले व्हते?"

डॉक्टरांनी फाईल मागवली आणि उघडून विजयसिंहपुढं ठेवली, अक्कापुढं नाही. संमती रीतसर आहे, म्हणाले, पेशंटची सही आहे, नातेवाइकाचीही आहे. अक्कानं वाकून बघितलं. दोन्ही सह्या एकाच हाताच्या होत्या.

"ही माझी न्हाय."

"विजयसिंहराव?"

"मीच करतो आईच्या," विजयसिंह म्हणाला. तो चिडला होता, पण डॉक्टरांवर नाही. "सगळ्याच मी करतो. कारखान्याच्या, सोसायटीच्या. आजवर कधी काय म्हणाली न्हाय."

"उसाच्या कर," अक्का म्हणाली. "हे कपाळ हाय."

मग डॉक्टरांनी फाईल मिटली आणि अगदी उदार आवाजात उपाय सांगितला. मांडीची थोडी कातडी काढायची आणि कपाळावर लावायची. सगळं दवाखान्याकडून. लग्नाला अजून अवकाश आहे, पुढच्या आठवड्यात उरकून टाकू, चालेल ना?

हे सगळं त्यांनी विजयसिंहला विचारलं. अक्का त्या दोघांच्या मध्ये बसली होती. तिच्या उघड्या कपाळाचं पाणी गळत होतं आणि ती ते पदरानं टिपत होती.

"चालंल की," विजयसिंह म्हणाला. "करून टाका."

अक्का उठली आणि बाहेर गेली. मी तिच्या मागं गेलो. पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्याबरोबर तशीच बाहेर आली.

घरी येऊन मी तक्रार लिहिली. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. त्या खोलीत आपण काय काय बोलायला हवं होतं, ते मला आंघोळ करताना, रस्त्यानं चालताना सुचायचं, आणि मी भर बाजारात थांबून एकटाच पुटपुटायचो. एका ओळखीच्या भाजीवाल्यानं तब्येत विचारली. तो सगळा राग मी कागदावर उतरवला. चांगली लिहिली, असं वाटलं. कलमं होती, कोर्टाचं म्हणणं होतं. लोककलेचा ठेवा नष्ट झाला, असं होतं. एका वृद्ध, असहाय, अशिक्षित ग्रामीण स्त्रीवर झालेला अन्याय, असं पहिल्याच ओळीत होतं. भरपाईची आणि डॉक्टरांचा परवाना रद्द करण्याची मागणी होती. खाली अक्काच्या सहीसाठी जागा सोडली होती.

मी यष्टीनं पळसदेवला गेलो. घरात लग्नाची गडबड होती, मांडीच्या कातडीचं अजून तसंच राहिलं होतं. अक्का मागच्या अंगणात शेवग्याखाली पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला सगळं वाचून दाखवलं. शेवटी शेवटी माझा आवाज चांगला चढला होता. मला स्वतःचंच नवल वाटलं. तिनं सोललेले दाणे पाटीत टाकले आणि थोडा वेळ पुढची शेंग उचलली नाही.

"ह्यात मी कुठं हाय?"

"ही काय. वृद्ध स्त्री म्हणजे तूच."

"असहाय म्हंजी?"

मी अर्थ सांगितला.

"मी असहाय न्हाय. सहा बिघे कापूस एकटीनं यचलाय म्या. अन् अशिक्षित कशी? सही येती मला. तुझ्या दाजींनी शिकवली व्हती." ती माझ्याकडे बघत नव्हती, शेंगांकडेच बघत होती. "परवाना काढून घ्या, असं मी म्हणले व्हते का? पैसं द्या, म्हणले व्हते? तू बी मला इचारलं न्हाईस, गेणू."

मी कागदाची घडी केली. मग उलगडली. मग पुन्हा केली. मला उठून जावंसं वाटलं, पण यष्टी एवढ्यात नव्हती. आणि उठून जाणं हेही मी आयुष्यभर केलेलं आहे. ती म्हणत होती ते खरं होतं. तिच्यासाठी म्हणून मी जो राग धरला होता तो बराचसा माझाच होता, आईच्या नसलेल्या फोटोचा होता, त्या खोलीत न फुटलेल्या आवाजाचा होता. तिची बाजू घेताना मीही तिच्या नावापुढं माझंच अक्षर लिहून आणलं होतं.

"मग काय करू?" मी विचारलं.

तिनं बराच वेळ विचार केला. एवढा वेळ तिला कुणी दिला नसेल.

"मला तितं ने," ती म्हणाली. "यष्टीनं. गाडी नगं. अन् विजूला सांगू नगंस. मला त्या डॉक्टरकडनं ऐकायचंय, का इचारलं न्हाय ते. तो काय म्हणतोय ते ऐकल्याबिगर मी काय बी लिहून देत न्हाय."

बारामतीच्या बाजाराचा दिवस गाठून आम्ही गेलो. दवाखान्याच्या बाहेर तिनं पदर खांद्यावर घेतला, कपाळावरची पट्टी काढली आणि घडी करून पिशवीत टाकली. आत हॉल भरलेला होता. गावोगावच्या मुली, त्यांच्या आया, एक-दोन सासवा. अक्का दारासमोरच्या कोचावर, जिथं आत येणाऱ्या प्रत्येकाची नजर पडेल तिथं, नीट मांडी घालून बसली. मी शेजारी टेकलो. मला तिथून अदृश्य व्हावंसं वाटत होतं.

टेबलामागच्या मुलीनं विचारलं, ड्रेसिंगला आलात का. अक्का म्हणाली, व्हय, ड्रेसिंगलाच, पण डॉक्टरांच्याच हातून, आणि घाई न्हाय, समद्यांचं होऊ द्या. मुलीनं नाव लिहिलं. अक्काच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.

लोक कपाळाकडे बघायचे आणि नजर वळवायचे. शेवटी नाकाचं काही करायला आलेल्या एका मुलीनं विचारलंच, आजी, काय झालं?

"मी कान शिवायला आले व्हते."

त्या मुलीनं अक्काच्या कानांकडे बघितलं, मग पुन्हा कपाळाकडे. तिच्या आईनंही बघितलं. अक्कानं मग जे झालं ते सांगितलं. रडली नाही, कुणाला वाईट म्हणाली नाही. गोंदण होतं, आईनं गोंदवून घेतलं होतं, कान शिवताना न विचारता जाळलं, लेकानं सही केली. एवढंच. नव्यानं कुणी आत आलं आणि विचारलं, की पुन्हा तेवढंच. तिच्या शेजारचे लोक आता बोलायचे थांबून ऐकत होते.

डोक्यावर टोपी घातलेला एक पोरगा केस लावून घ्यायला आला होता. तो म्हणाला, "आजी, मग माझं काय करत्याल हितं?"

"तुला ठावं. तू झोपू नगंस, म्हंजी झालं."

हॉलमध्ये हसू फुटलं. पोरगाही हसला, पण थोड्या वेळानं उठून टेबलापाशी गेला आणि विचारायला लागला की माझ्या डोक्याला डॉक्टर स्वतः हात लावणार का दुसरं कुणी, आणि कागदावर काय लिहिलंय ते मराठीत सांगा. मुलीनं आत बघून सांगते म्हटलं. नाकवाल्या मुलीची आई त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. तिला काही विचारायचं असेल असं नाही, पण उभी राहिली. टेबलामागची मुलगी आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

डॉक्टर आधी बाहेर आलेच नाहीत. त्यांनी फोन केला असणार, कारण बऱ्याच वेळानं विजयसिंह आला. चेहरा लाल झाला होता. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, आणि तशा नजरेनं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. "मामा, तुमी सुद्धा?" म्हणाला. मग आईजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला की चल घरी, लग्न तोंडावर आलंय, माळेगावची माणसं ह्याच बाजारात असत्यात, काय म्हणतील.

अक्का हलली नाही. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आता आठवत नाही, कारण अक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी गप्प बसलो. हे माझं काम नव्हतं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. डॉक्टर हसतमुखानं बाहेर आले.

"आजी, आत या ना. बसून बोलू आपण."

"हितं बी बसलेच हाय की. हितंच बोला."

डॉक्टरांनी सवयीनं तिच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं. "विजयसिंहराव, जरा समजवा तुम्ही."

सगळा हॉल विजयसिंहकडे बघत होता. त्यातले दोन-तीन जण त्याला ओळखतही असतील. त्यानं आईकडे बघितलं. काचेतून उजेड थेट तिच्या कपाळावर पडला होता. त्या दिवशी आतल्या खोलीत तो डॉक्टरांकडे बघत होता, आणि घरी ती पदराआड असायची. इतकं उघडं त्यानं ते बघितलं असेल की नाही, कुणास ठाऊक. तो बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "काय करायचं?"

रागानंच म्हणाला. लाजेनं म्हणाला असेल, चारचौघांत दुसरं काही सुचलं नाही म्हणूनही म्हणाला असेल. मी त्याला यासाठी माफ केलेलं नाही. पण त्यानं विचारलं, आणि उत्तरासाठी थांबला.

"तू घरी जा," अक्का म्हणाली. "केळीला पाणी हाय आज. मी गेणूसंगं यष्टीनं येते."

तो गेला नाही. दारापाशी जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. अक्कानं मान वळवली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हां. आता सांगा. का इचारलं न्हाय?"

"सॉरी, आजी." हे ते वाकून, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं.

"ते नगं. मी काय इचारलं, त्याचं सांगा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. टोपीवाला पोरगा टेबलाला टेकून त्यांच्याकडेच बघत होता. त्यांचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. हसू गेल्यावर ते बरेच लहान दिसायला लागले, आणि मला वाटतं, त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी अक्काकडे, तिच्या डोळ्यांकडे, बघितलं.

"गरज वाटली नाही," ते म्हणाले. "मुलगा होता ना."

अक्कानं मान हलवली. जे ऐकायला आली होती ते तिला मिळालं होतं. ते तिला आधीपासून माहीत असावं, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. तिनं पिशवीतून कपाळाची पट्टी काढली, ती हातात धरली, लावली मात्र नाही.

"आता हेच मोठ्यांदा सांगा," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या पोरीला ऐकू गेलं न्हाय."